दुपारची गोळी सोडू नका

पत्र (थोडं आटोपशीर करून, नाव-गाव न छापता)

डॉक्टर मॅडम, मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वय ३४. सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या बाळंतपणात वार पडायला उशीर झाला, फार रक्त गेलं, चार पिशव्या रक्त चढवावं लागलं. त्यानंतर अंगावर दूध आलंच नाही. पाळीही परत आली नाही. सतत थकवा, थंडी सहन होत नाही, काखेतले केसही गेले. सगळे म्हणायचे, बाळंतपणाची कसर आहे. गेल्या वर्षी रक्त तपासून थायरॉइडची गोळी सुरू झाली. तीन आठवड्यांत उलट्या सुरू झाल्या आणि मी शाळेतच कोसळले. रक्तातलं सोडियम ११४ पर्यंत उतरलं होतं. पुण्याला आयसीयूत ‘शीहान सिंड्रोम’ असं निदान झालं. आता सकाळी १० आणि दुपारी ५ मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) ७५ मायक्रोग्रॅम, पाळीच्या गोळ्या आणि कॅल्शियम चालू आहे.

सासूबाई म्हणतात, स्टेरॉइडनं किडनी जाते आणि हाडं पोकळ होतात. म्हणून दोन-तीन महिने झाले, दुपारची गोळी मी घेत नाही. मध्यंतरी टीएसएच ०.०८ आला. इथल्या डॉक्टरांनी ‘थायरॉइडचा डोस जास्त होतोय’ म्हणून ७५ ची गोळी २५ वर आणली. तेव्हापासून परत तसंच वाटायला लागलंय. शिवाय विचारायचंय, नवरात्र आणि हरतालिकेचे उपवास करू का? माउलींची पालखी आमच्या भागातून जाते, लोणंद ते फलटण चालायची फार इच्छा आहे, जमेल का? आणि लिहायला संकोच वाटतो, पण मिस्टरांच्या जवळ जावंसंच वाटत नाही. आणखी मूल होऊ शकतं का? एक दाढही काढायची आहे, पण ते काही विशेष नाही.

उत्तर

ताई, तुमचे प्रश्न बरेच आहेत, पण त्यातल्या एकाला घाई आहे. आज दुपारपासून ती ५ मिलिग्रॅमची गोळी परत सुरू करा. तुम्हाला लिहून दिलेलीच गोळी आहे, त्यासाठी नव्यानं कुणाला विचारायला नको. बाकीचं सावकाश वाचा.

आणि एक गोष्ट मुळीच करू नका. थायरॉक्सिन स्वतःच्या मनानं २५ वरून ७५ वर नेऊ नका, निदान दुपारची गोळी सुटलेली असताना तर नाहीच. कारण गेल्या वर्षी जे झालं ते याच क्रमानं झालं होतं.

मेंदूच्या खाली, नाकाच्या मुळामागे हाडाच्या एका खोबणीत पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. गरोदरपणी ती फुगते, कारण दूध आणणाऱ्या हार्मोनच्या पेशी तिच्यात वाढतात. तिला मिळणारा रक्तपुरवठा मात्र त्या मानानं वाढत नाही. अशा वेळी बाळंतपणात खूप रक्त जाऊन बीपी कोसळलं, की या फुगलेल्या ग्रंथीला रक्त पुरत नाही आणि तिचा पुढचा भाग मरतो. हॅरोल्ड शीहान या इंग्रज पॅथॉलॉजिस्टनं १९३७ साली हे मांडलं, म्हणून त्याचं नाव. जिथं बाळंतपणातला रक्तस्राव वेळेत आवरला जातो, तिथं हा आजार आता क्वचित दिसतो. आपल्याकडे अजूनही दिसतो. तुमच्यासारख्या किती तरी बायका पाच-पाच, दहा-दहा वर्षं ‘अशक्तपणा’ म्हणून बी-१२ ची इंजेक्शनं घेत फिरतात. बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं का, दूध आलं होतं का, पाळी परत आली का, हे तीन प्रश्न विचारायला मशीन लागत नाही की पैसे लागत नाहीत. पाच वर्षांत ते कुणी विचारले नाहीत, याचा मला राग येतो. तुम्हालाही आला असेल तर तो बरोबरच आहे.

पिट्युटरी बंद झाली, की तिच्या हुकमावर चालणाऱ्या सगळ्या ग्रंथी थंडावतात. थायरॉइड, बीजकोश, आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या अॅड्रिनल. तुमच्या गोळ्या म्हणजे या तिघांची भरपाई. डब्यात त्या शेजारी शेजारी असल्या, तरी त्यांची निकड सारखी नाही. थायरॉइडची गोळी आठवडाभर चुकली तर तुम्ही मंदावाल, सुजाल, चिडचिड होईल. पाळीची चुकली तर पाळीचं वेळापत्रक बिघडेल. हायड्रोकॉर्टिसोन चुकलं आणि नेमका त्याच दिवसांत ताप किंवा जुलाब झाला, तर चोवीस तासांत जीव धोक्यात येऊ शकतो. अंगात बीपी, साखर आणि सोडियम धरून ठेवण्याचं काम अॅड्रिनलमधलं कॉर्टिसोल करतं, आणि तुमची हायड्रोकॉर्टिसोनची गोळी म्हणजे तेच. ते नसेल तर आजारपणाचा ताण शरीराला पेलवत नाही.

आता गेल्या वर्षीचं. तुमच्या अंगात तेव्हा थोडंफार कॉर्टिसोल शिल्लक होतं, त्यावर तुम्ही कशाबशा पाच वर्षं चालत होतात. थायरॉक्सिन सुरू झाल्यावर सगळा कारभार वेगानं सुरू झाला. शरीराची कॉर्टिसोलची गरज वाढली आणि होतं ते लवकर संपायला लागलं. म्हणून आधी कॉर्टिसोल आणि मग थायरॉइड, हा क्रम आम्हाला शिकताना घोकून घेतात. तुमच्या बाबतीत तो उलटा झाला. आता परत दुपारची गोळी बंद आणि ‘थकवा येतोय, थायरॉइड वाढवा’ असं झालं, तर आपण त्याच रस्त्याला लागू. तेव्हा आधी हायड्रोकॉर्टिसोन लिहून दिल्याप्रमाणे पूर्ववत करायचं, आणि त्याच आठवड्यात पुण्याच्या तुमच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टना (हार्मोनतज्ज्ञांना) फोन करून थायरॉक्सिनचं विचारायचं.

सासूबाईंची भीती कुठून येते ते मला माहीत आहे. गुडघेदुखीवर, दम्यावर खेडोपाडी पुड्या मिळतात. त्यांतल्या काहींमध्ये न सांगता स्टेरॉइड घातलेलं असतं. महिना-दोन महिने खूप बरं वाटतं, मग चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. असं कुणीतरी त्यांनी पाहिलेलं असणार. पण डोस बघा. दम्याच्या किंवा संधिवाताच्या जोरात प्रेडनिसोलोन नावाचं स्टेरॉइड ४० मिलिग्रॅम देतात. ते हायड्रोकॉर्टिसोनच्या हिशेबात १६० मिलिग्रॅम होतं. तुम्हाला दिलंय १५. निरोगी बाईच्या अॅड्रिनल रोज साधारण जेवढं बनवतात, तेवढंच तुम्ही तोंडानं घेताय. सासूबाईंच्या स्वतःच्या अंगात आत्ता तेवढं कॉर्टिसोल फिरतंय. किडनीचं म्हणाल, तर लहान मुलांच्या नेफ्रोटिक सिंड्रोम या किडनीच्याच आजारावर स्टेरॉइड हे पहिलं औषध आहे. हाडांबद्दलची त्यांची काळजी मात्र थोडी खरी आहे, फक्त कारण वेगळं. पाच वर्षं पाळी नव्हती, म्हणजे इस्ट्रोजेन नव्हतं, आणि त्यानं हाडं नक्की विरळ होतात. हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी एकदा करून घ्या. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व चालूच ठेवा.

दुपारची गोळी का हवी? हायड्रोकॉर्टिसोनचा असर पटकन ओसरतो. सकाळी सहाला घेतलेल्या १० मिलिग्रॅममधलं दुपारी दोनपर्यंत फारसं काही उरत नाही. शाळेचे शेवटचे तास खुर्चीला धरून काढावे लागतात, घरी आल्यावर चहाही करवत नाही, असं होत असेल, तर त्या वेळेकडे लक्ष द्या. मोठा डोस उठल्या उठल्या घ्यायचा. अंथरुणाशेजारी पाण्याचा तांब्या आणि गोळी ठेवा, आवरून झाल्यावर वगैरे नको. दुसरा दुपारी. संध्याकाळी उशिरा घेतला तर झोप उडते. सकाळची थायरॉइडची गोळीही त्याच घोटाबरोबर चालते, पण त्यानंतर अर्धा-पाऊण तास चहा नको. कॅल्शियम आणि लोहाची गोळी मात्र थायरॉइडपासून किमान चार तास लांब, नाहीतर थायरॉइडची गोळी पोटात शिरून वाया जाते. कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर ठेवलंत की भानगडच नाही.

याची दुसरी बाजूही सांगते. काही जणी भीती गेली की उलट्या टोकाला जातात. जरा थकवा आला की अर्धी गोळी जास्त, शाळेची तपासणी आहे म्हणून एक जास्त. तसं करू नका. बहुतेकींना दिवसाला १५ ते २० मिलिग्रॅम पुरतं. रोजच्या कामाच्या, भांडणाच्या, परीक्षेच्या ताणाला वाढीव डोस लागत नाही. वर्षानुवर्षं थोडं थोडं जास्त घेतलं, तर सासूबाई म्हणतात ते सगळं हळूहळू खरं व्हायला लागेल.

टीएसएचकडे येते. थायरॉइडला हुकूम देणारं टीएसएच हे पिट्युटरीच बनवते. तुमची पिट्युटरीच बंद आहे. मुख्याध्यापकच दीर्घ रजेवर असताना त्यांची सही नाही म्हणून वर्ग भरलाच नाही असं ठरवावं, तसा हा प्रकार झाला. इतरांच्या बाबतीत ०.०८ म्हणजे डोस जास्त, हे बरोबर आहे, आणि म्हणूनच तुमच्या गावच्या डॉक्टरांचा हात कमी करण्याकडे गेला. त्यांना दोष देण्यापेक्षा फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा: ‘शीहान सिंड्रोम. टीएसएच बघू नये. फक्त फ्री टी-४ बघावं.’ फ्री टी-४ म्हणजे रक्तातलं थायरॉइडचं हार्मोनच, ते नॉर्मलच्या वरच्या अर्ध्यात असलेलं आम्हाला आवडतं. रक्त द्यायला जाल त्या सकाळी थायरॉइडची गोळी रक्त दिल्यानंतर घ्या. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी परत तपासायचं, त्याआधी तपासून काही कळत नाही. आणखी एक, पॅकेजमध्ये स्वस्त मिळतंय म्हणून कॉर्टिसोल तपासून घेऊ नका. गोळी चालू असताना त्या आकड्यात तुमची गोळीच मोजली जाते, आणि मग कुणीतरी ‘कॉर्टिसोल नॉर्मल आहे, बंद करा’ म्हणतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे उत्तर एवढं लांबवतेय ती. आजारपणातले नियम. हे तुम्हाला, तुमच्या मिस्टरांना आणि शाळेतल्या एका तरी सहकाऱ्याला पाठ हवेत.

ताप थर्मामीटरनं मोजायचा, हात लावून नाही. १००.४ च्या वर गेला तर हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट, म्हणजे सकाळी २० आणि दुपारी १०. १०२ च्या वर गेला तर तिप्पट. रात्री ताप जोरात असेल तर झोपतानाही एक डोस लागू शकतो, तो डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. ताप उतरल्यावर एक-दोन दिवसांत परत मूळ डोसवर यायचं. डेंगी, चिकुनगुन्या, टायफॉइड, सगळ्याला हेच. नुसती सर्दी असेल, ताप नसेल, तर काही बदलायचं नाही.

उलटीचं वेगळं. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर परत तेवढीच गोळी घ्यायची. तीही पडली, किंवा जुलाब थांबत नसतील, तर गोळीवर विसंबायचं नाही. इंजेक्शन घ्यायचं आणि दवाखाना गाठायचा. उलट्या, पोटात कळा, चक्कर, गार घाम, भ्रमल्यासारखं बोलणं, ही लक्षणं अन्न बाधल्यासारखीच दिसतात आणि तिथंच घोटाळा होतो. ओआरएस पाजत घरी बसू नका.

इंजेक्शन म्हणजे हायड्रोकॉर्टिसोन सोडियम सक्सिनेट १०० मिलिग्रॅम. अंगठ्याएवढी काचेची बाटली, तळाशी पांढरी पावडर. ती २ मिली निर्जंतुक पाण्यात विरघळवायची, हातात फिरवत राहायची, पाणी स्वच्छ दिसलं की सिरिंजमध्ये ओढायचं, आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, सुई सरळ आत. घाईत साडी किंवा सलवार काढत बसायची गरज नाही, पातळ कपड्यावरून दिलं तरी चालतं. अशा दोन बाटल्या, सिरिंज आणि पाण्याच्या अँप्यूल एका डब्यात घालून कपाटात ठेवा. गॅसजवळ नको, स्कूटरच्या डिकीत तर नकोच, उन्हात ती डिकी तापते. दर सहा महिन्यांनी तारीख बघा. मुदत संपलेली बाटली टाकून देऊ नका, तिच्यावर मिस्टरांना एकदा मोसंबीत टोचून सराव करू द्या. पुरुष माणसं इथं फार घाबरतात, आणि एकदा हातानं केलं की भीती जाते.

जवळ डबा नसला तरी हे औषध लहानातल्या लहान दवाखान्यात असतं, कारण दम्याच्या झटक्यालाही तेच देतात. अडचण औषध मिळण्याची फार कमी येते. तिथल्या माणसाला तुम्हाला ते द्यायचं सुचण्याची जास्त येते. म्हणून पर्समध्ये कार्ड हवं. मजकूर मीच देते, मराठीत लिहा, मागच्या बाजूला मुलांच्या इंग्रजीच्या बाईंकडून इंग्रजीत लिहून घ्या: ‘मला शीहान सिंड्रोम आहे. माझ्या शरीरात कॉर्टिसोल तयार होत नाही. उलट्या, बेशुद्धी, अपघात किंवा बीपी कमी असेल तर तपासण्यांची वाट न बघता लगेच हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून किंवा स्नायूत द्या, नॉर्मल सलाईन सुरू करा आणि साखर तपासा.’ खाली मिस्टरांचा आणि डॉक्टरांचा नंबर. मोबाइलच्या लॉक स्क्रीनवरही याचा फोटो ठेवा. १०८ ला फोन केलात तरी पहिलं वाक्य हेच सांगा. इंजेक्शन दिल्यावर बरं वाटलं म्हणून घरी थांबायचं नाही, हेही मिस्टरांना सांगून ठेवा.

तालुक्याच्या मेडिकलमध्ये हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या कधी कधी मिळत नाहीत. महिनाभराचा साठा कायम हाताशी ठेवा, आणि गोळ्या मिळाल्याच नाहीत तर त्याऐवजी प्रेडनिसोलोन किती घ्यायचं हे तुमच्या डॉक्टरांकडून चिठ्ठीवर आधीच लिहून घ्या. प्रेडनिसोलोन कुठंही मिळतं. ‘माल आला नाही’ म्हणून चार दिवस कोरडे काढले, असं कधीही होऊ देऊ नका. तसंच, कुठल्याही कारणानं टीबीची औषधं सुरू झाली तर त्यातल्या रिफॅम्पिसिनमुळे हायड्रोकॉर्टिसोन शरीरातून झपाट्यानं संपतं आणि डोस वाढवावा लागतो. फिट्सच्या फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन या गोळ्यांचंही तसंच. देणाऱ्या डॉक्टरांना कार्ड दाखवा.

उपवास. नवरात्राचा फराळावरचा उपवास तुम्ही करू शकता, दोन्ही वेळच्या गोळ्या वेळेवर घेऊन. मात्र नुसत्या साबुदाण्यावर राहू नका. त्यानं साखर भरकन चढते आणि तितकीच भरकन उतरते, आणि कॉर्टिसोल कमी असलेल्या शरीराला ती सावरून धरता येत नाही. दाण्याची आमटी, वरी, राजगिरा, दही, दूध, रताळं, असं दर तीन-चार तासांनी थोडं पोटात हवं, आणि मीठ सोडायचं नाही. सैंधव चालतं. झोपण्यापूर्वी कपभर दूध घ्या, कारण पहाटे साखर सगळ्यात खाली जाते. हरतालिका निर्जळी करायची नाही. आजारी आणि बाळंतीण बाईला निर्जळी कुणी सांगत नाही, ही सूट घरच्या म्हाताऱ्या बायकांनाही ठाऊक असते. सासूबाईंना तेवढ्या शब्दांत सांगा, त्या ऐकतील असं वाटतं.

वाढीच्या हार्मोनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण इंटरनेटवर वाचाल. तेही तुमच्यात कमी असणारच. रोज इंजेक्शन, खर्च मोठा. काहींना त्यानं तरतरी येते, पण जगायला ते अत्यावश्यक नाही. आधी बाकीचं नीट बसवा. त्यासाठी कर्ज काढायचं नाही, एवढं माझं ठाम मत आहे.

संकोचानं लिहिलेला प्रश्न. जवळ जावंसं न वाटणं हे तुमच्या मनाचं किंवा संसाराचं काही बिघडल्याचं लक्षण नाही. बीजकोश थंड पडले म्हणून इस्ट्रोजेन नाही, त्यानं आत कोरडेपणा येतो आणि दुखतं. त्यात अॅड्रिनलमधून बायकांना मिळणारी थोडी पुरुषी हार्मोन्सही आटली आहेत, काखेतले केस गेले ते त्यामुळेच. त्यातच थायरॉइड २५ वर. एवढ्यात कुणाला काय वाटणार! पाळीच्या गोळ्या सोडू नका. पन्नाशीपर्यंत इतर बायकांना जे मिळतं तेच त्यातून तुम्हाला मिळतंय, आणि गर्भाशय आहे तोवर त्यातला प्रोजेस्टेरॉनचा भाग चुकवायचा नाही, तो गर्भाशयाच्या अस्तराला जपतो. अर्धशिशी असेल किंवा पायात रक्ताची गुठळी झाली असेल, तर गोळीऐवजी त्वचेला लावायचं जेल मिळतं, विचारा. इस्ट्रोजेनच्या गोळीनं थायरॉक्सिनची गरज थोडी वाढते, तेही फ्री टी-४ बघताना डॉक्टरांना आठवण करून द्या. कोरडेपणासाठी आत लावायचं मलम असतं. मिस्टरांना हे उत्तर वाचायला द्या. ‘हिचं माझ्यावर मन नाही’ असं ते सहा वर्षं मनात धरून बसले असतील तर तोही गैरसमज जाईल.

मूल होऊ शकतं. बीजकोशात बीजं आहेत, त्यांना हुकूम देणारी हार्मोन्स नाहीत. ती इंजेक्शननं देता येतात. पण हे तालुक्याच्या ठिकाणी करायचं काम नाही. एंडोक्रायनॉलॉजिस्ट आणि वंध्यत्वतज्ज्ञ दोघं असतील अशा ठिकाणी, आधी डोस पक्के बसवून, मगच. गरोदरपणी थायरॉक्सिन वाढवावं लागतं, शेवटच्या महिन्यांत बहुधा हायड्रोकॉर्टिसोनही, आणि कळा सुरू झाल्यावर ते शिरेतून द्यावं लागतं. मागच्या वेळचा रक्तस्राव बघता बाळंतपण रक्तपेढी असलेल्या मोठ्या रुग्णालयातच. आणि उलट बाजू, मूल नको असेल तर ‘आता काय होतंय’ असं गृहीत धरू नका. शीहान झालेल्या काही बायकांना आपोआप दिवस गेले आहेत, आणि तुमच्या पाळीच्या गोळ्या म्हणजे गर्भनिरोधक नाहीत.

वारी. जा, पण यंदाच जायचं की पुढच्या वर्षी, ते फ्री टी-४ ठरवेल. दोन्ही गोळ्या नियमित घेऊन दोन महिने झाले असतील, रिपोर्ट चांगला असेल आणि शाळेतून घरी आल्यावर तुम्ही आडव्या होत नसाल, तर लोणंद ते फलटण चालायला माझी हरकत नाही. आधी महिनाभर रोज थोडं थोडं चालून बघा. दिवसभर चालायच्या दिवशी मध्ये ५ मिलिग्रॅमचा एखादा जादा डोस डॉक्टर सांगतील, तो विचारून घ्या. इंजेक्शनचा डबा तुमच्या पाठीवरच्या पिशवीत हवा, दिंडीच्या ट्रकमधल्या वळकटीत नको. ट्रक पुढे निघून जातो. सोबत मिस्टर किंवा इंजेक्शन देता येणारं कुणीतरी हवं आणि दिंडीच्या विणेकऱ्यांना, चालकांना कार्डाबद्दल माहिती हवी. पाणी गाळलेलं, उकळलेलं प्या. वारीत जुलाब होतात ही जुनी गोष्ट आहे, आणि इतरांना जे दोन दिवसांचं दुखणं असतं, ते तुम्हाला सरळ दवाखान्यात नेण्याचं कारण आहे. वाटेवर आरोग्य विभागाची पथकं असतात, तिथं जायला लाजू नका.

ता. क. दाढेचं ‘विशेष नाही’ लिहिलंत, पण आहे. सकाळची वेळ घ्या. दंतवैद्यांना कार्ड दाखवा. जागा बधिर करून साधी दाढ काढायची असेल तर तासभर आधी सकाळच्या डोसाच्या दुप्पट म्हणजे २० मिलिग्रॅम घ्या, आणि त्या दिवशीचा पुढचा डोसही दुप्पट. दुसऱ्या दिवशी ताप-सूज नसेल तर नेहमीचा. पूर्ण भूल द्यायची म्हणाले तर आधी भूलतज्ज्ञांचं तुमच्या पुण्याच्या डॉक्टरांशी बोलणं होऊ दे, मगच तारीख घ्या.